वाळूखालचा पंप : लगवर्म नेमका काय करतो?

प्रश्न असा आहे. वायव्य युरोपातल्या एका सपाट वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जिकडे तिकडे वाळूच्याच वेटोळ्यांचे लहान ढीग दिसले. प्रत्येक ढिगापासून हातभर अंतराच्या आत एक उथळ खळगाही होता. फावडे मारल्यावर काही सेंटीमीटरखाली काळी, कुजक्या अंड्यासारखा वास येणारी वाळू लागली आणि तिच्यात बोटाएवढा जाड किडा सापडला. हा किडा तिथे काय करतो? काळी वाळू ही प्रदूषणाची खूण आहे का? आणि मासेमारीच्या गळाला लावायला लोक हे किडे खणून नेतात, त्याने किनाऱ्याचे काही बिघडते का?

हा किडा लगवर्म, शास्त्रीय नाव ॲरेनिकोला मरीना. तो वाळू खातो हे सगळ्यांना माहीत असते, कारण वेटोळी समोर दिसतात. त्याचे किनाऱ्यावरचे मोठे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो वाळूच्या आत पाणी ढकलतो, दिवसरात्र, वर्षानुवर्षे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या पाण्याच्या हालचालीत आहेत, म्हणून मी उत्तर त्याच अंगाने देतो.

आधी प्राण्याची ओळख. गांडुळाचा हा समुद्री नातलग पॉलिकीटा वर्गातला आहे, म्हणजे अंगाच्या वलयांवर राठ दृढरोमांचे झुबके असणारा. लिनियसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली. पूर्ण वाढलेला किडा साधारण १५ ते २० सेंटीमीटर लांब भरतो. पुढचा भाग जाड आणि दृढरोमांच्या १९ वलयांचा असतो. त्यांपैकी मागच्या १३ वलयांवर लालभडक, झुडपासारखे कल्ल्यांचे तुरे असतात. त्यामागे बारीक, गुळगुळीत, कल्ले नसलेली शेपटी. डोक्यावर ना मिशा, ना जबडे. तोंडातून पिशवीसारखी सोंड बाहेर उलटते, तिच्यावरच्या चिकट उंचवट्यांना वाळूचे कण लागतात, आणि सोंड परत आत जाते. एवढेच त्याचे खाण्याचे अवजार.

बीळ इंग्रजी जे अक्षरासारखे असते. शेपटीची बाजू पृष्ठभागावर उघडते, तिथून बीळ सरळ खाली जाते आणि २० ते ४० सेंटीमीटर खोलीवर आडवे वळते. या आडव्या भागात किडा डोके पुढे करून पडलेला असतो. बिळाची भिंत त्याच्या चिकट स्रावाने लिंपलेली असते, त्यामुळे ती ढासळत नाही. डोक्याच्या पुढे मात्र बीळ नसते, नुसता सैल वाळूचा खांब असतो. किडा खालून वाळू गिळतो, तसा वरचा खांब हळूहळू खाली सरकतो आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. तोच तुम्ही पाहिलेला खळगा. भरतीचे पाणी त्यात डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल), शेवाळाचे तुकडे आणि बारीक गाळ आणून टाकते, आणि ते सगळे वाळूबरोबर खाली किड्याच्या तोंडापर्यंत पोचते. खळगा हे एका अर्थी त्याचे ताट आहे.

गिळलेली वाळू पोटातून जाऊन शेपटीच्या बाजूने बाहेर पडते. यासाठी किडा बिळात उलट्या दिशेने सरकत वर येतो, शेपटीचे टोक पृष्ठभागाला लावतो आणि वेटोळे सोडतो. ओहोटीला एखाद्या ताज्या ढिगाजवळ शांतपणे बसून राहिलात तर हे बघायला मिळते: ओली, चकाकणारी वाळूची दोरी काही सेकंदांत बाहेर येते, जुन्या वेटोळ्यावर कोसळते आणि पुन्हा सगळे थांबते. पुढची दोरी यायला बराच वेळ लागतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जी. पी. वेल्स यांनी १९४० च्या दशकात काचेच्या टाक्यांमध्ये आणि नळ्यांमध्ये हे किडे ठेवून त्यांच्या हालचाली तासन् तास नोंदवल्या. मोठा किडा साधारण ४० मिनिटांच्या अंतराने विष्ठा टाकतो, आणि मधल्या वेळात खाण्याचे छोटे झटके दर सात-आठ मिनिटांनी येतात, असे त्यांना दिसले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की अन्ननलिकेचा तुकडा शरीरातून वेगळा करून समुद्राच्या पाण्यात टांगला तरी खाण्याची ही लय तो पुढे चालूच ठेवतो. घड्याळ अन्ननलिकेतच आहे. वेल्स यांचे हे काम आजही वाचण्यासारखे आहे, कारण इतक्या धीराने एकाच प्राण्याकडे बघणे फार कमी लोकांना जमले.

वाळूतून त्याला मिळते काय? वाळूचे कण स्वतः निरुपयोगी. त्यांच्यावर बसलेले जीवाणू, डायटम, कशाभधारी एकपेशीय जीव, सूक्ष्म प्राणी आणि कुजका सेंद्रिय माल हे खरे अन्न. सोंडेला बारीक कण जास्त चिकटतात, त्यामुळे तो काही प्रमाणात निवडूनही खातो. मोठे शिंपल्याचे तुकडे त्याला गिळता येत नाहीत. ते खाली सरकत सरकत बिळाच्या पातळीवर साठतात. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वाडेन समुद्रात वाळू कापून पाहिली तर २० ते ३० सेंटीमीटर खोलीवर हायड्रोबिया या चिमुकल्या गोगलगाईच्या शंखांचा स्वच्छ पट्टा लागतो. भूशास्त्रज्ञ व्हान स्ट्राटेन यांनी १९५२ मध्येच दाखवून दिले होते की हे पट्टे लगवर्मांनी वरची बारीक वाळू काढून काढून तयार केले आहेत. असा पट्टा म्हणजे जुन्या वादळाची खूण, असे गृहीत धरून चालणे बरोबर नाही.

अन्नाबाबत एक जुना सिद्धांत वारंवार पुढे येतो. १९७५ मध्ये हिलेबर्ग यांनी लगवर्मांच्याच कुळातल्या ॲबारेनिकोला या किड्यांवर काम करून सुचवले की हे किडे एक प्रकारे शेती करतात: ऑक्सिजनयुक्त पाणी डोक्यापुढच्या वाळूत सोडतात, तिथे जीवाणू आणि त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म जीव फोफावतात, आणि मग किडा ते पीक खातो. कल्पना सुंदर आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण पूर्ण वाढलेल्या ॲरेनिकोला मरीनाचे पोट मुख्यतः या पिकावर भरते असे मला वाटत नाही. खळग्यातून खाली येणारे ताजे डायटम आणि गाळ यांचा वाटा मी मोठा मानतो. डायटमांचा बहर येतो त्या उबदार महिन्यांतच किडे भराभर वाढतात, हिवाळ्यात त्यांचे खाणे मंदावते आणि वाढ जवळजवळ थांबते. यात तापमानाचाही हात आहेच.

आता पाण्याकडे येऊ. किड्याच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे स्नायूंच्या लाटा सरकतात. प्रत्येक फुगवटा बिळाच्या भिंतीला घट्ट टेकतो आणि पुढचे पाणी ढकलतो. म्हणजे पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त पाणी शेपटीच्या बिळातून आत ओढले जाते, कल्ल्यांवरून जाते आणि डोक्यापुढच्या वाळूत घुसते. तिथून बाहेर पडायला उघडी वाट नाही. ते कणांमधल्या फटींतून वर झिरपत, आसपास पसरत पुन्हा समुद्राला मिळते. मध्यम आकाराचा एक किडा मिनिटाला साधारण एक-दीड मिलिलिटर पाणी ढकलतो. आकडा किरकोळ वाटेल. पण वाडेन समुद्रात दर चौरस मीटरला २० ते ४० पूर्ण वाढलेले किडे ही नेहमीची घनता आहे. ३० किडे धरले तर एका चौरस मीटरखालच्या वाळूत दिवसाला ४० ते ६५ लिटर पाणी दाबाने आत जाते. भरतीभर सगळे सारख्याच जोमाने पंप करत नाहीत हे धरले तरी हा ओघ मोठाच आहे.

हे का महत्त्वाचे, ते समजायला किडा नसलेल्या बारीक वाळूची स्थिती डोळ्यांपुढे आणा. वरच्या पाण्यातला ऑक्सिजन नुसत्या विसरणाने खाली जाईल तर काही मिलिमीटरमध्येच संपतो, कारण वाटेतले जीवाणू तो वापरून टाकतात. त्याखाली दुसरे जीवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून सेंद्रिय माल कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तोच कुजक्या अंड्याचा वास. हे सल्फाइड वाळूतल्या लोहाशी संयोग पावते आणि आयर्न सल्फाइडचा काळा थर कणांवर बसतो. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: काळी वाळू ही सेंद्रिय माल असलेल्या, आडोशाच्या किनाऱ्यांची नैसर्गिक अवस्था आहे, एकट्या तिच्यावरून प्रदूषण ठरवता येत नाही. काळा थर किती खोलीवर सुरू होतो आणि तो वर्षागणिक वर सरकतो आहे का, हे बघायला हवे. थेट पृष्ठभागापर्यंत काळे डाग आले असतील, त्यांच्यावर हिरव्या शेवाळाच्या चादरी कुजत असतील आणि वेटोळी नाहीशी झाली असतील, तर काळजी करावी.

पुढच्या वेळी फावड्याने किडा शोधायच्या आधी एक करा. वेटोळे आणि खळगा यांना जोडणारी रेषा धरून वाळूचा उभा काप घ्या आणि एक बाजू चाकूने हलकेच साफ करा. काळ्या वाळूत शेपटीच्या बिळाभोवती काही मिलिमीटर जाडीचा तांबूस-तपकिरी पट्टा दिसेल. तिथे लोहाचे ऑक्सिडीकरण झाले आहे, म्हणजे चक्क गंज चढला आहे. डोक्यापुढचा खांबही आजूबाजूपेक्षा फिकट दिसेल. पाणी कुठून कुठे गेले त्याचा नकाशाच तो. हा तपकिरी पट्टा फॉस्फेट धरून ठेवतो, आणि पट्ट्याच्या ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनहीन बाजू शेजारी शेजारी असल्याने अमोनियाचे नायट्रेट आणि नायट्रेटचा नायट्रोजन वायू असे रूपांतर तिथे साखळीने होते. जमिनीवरून वाहून आलेले जादा नायट्रोजन समुद्रातून कमी होण्याची ही एक वाट आहे. शिवाय खोल वाळूत अडकलेली पोषकद्रव्ये पाण्याबरोबर वर येतात आणि पृष्ठभागावरच्या डायटमांना मिळतात.

किडा सतत पंप करत नाही. थोडा वेळ पंप, मग विश्रांती, मग विष्ठा टाकायला उलटी सरक, पुन्हा पंप. या प्रत्येक कृतीने वाळूतल्या पाण्याचा दाब वरखाली होतो. वूडिन, वेदी आणि फोल्केनबोर्न या संशोधकांनी वाळूत दाबमापक आणि ऑक्सिजनचे प्रकाशीय संवेदक पुरून हे स्पंद टिपले आहेत, आणि नुसत्या दाबाच्या आलेखावरून किडा त्या क्षणी काय करतो आहे हे ओळखता येते. वाळूतला एखादा जीवाणू तासाभरातच ऑक्सिजनमध्ये आणि ऑक्सिजनाविना असे दोन्हीकडचे आयुष्य काढतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत वर पिवळा थर, खाली काळा थर आणि मध्ये सरळ रेषा असते. लगवर्मांच्या किनाऱ्यावर ती रेषा हलती असते. गाळाच्या रसायनशास्त्रात रस असेल तर माझ्या मते हा भाग सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा आहे.

किडा स्वतः या विषारी शेजारात कसा तगतो? ओहोटीला पंप बंद पडतो, आणि सल्फाइड बिळात झिरपू लागते. ते थोड्या प्रमाणात असेल तर किड्याच्या पेशींतली मायटोकाँड्रिया त्याचे थायोसल्फेटमध्ये रूपांतर करतात, जे फारसे अपायकारक नाही. ऑक्सिजन संपला की तो विनाऑक्सिजन चयापचयावर जातो, आधी स्नायूंतला साठा आणि मग सक्सिनेट, प्रोपिओनेट अशा वाटेने ऊर्जा काढतो. वेल्स यांनी आणखी एक युक्ती नोंदवली आहे: पाणी नसताना किडा शेपटीच्या बिळात वर सरकतो आणि हवेचे बुडबुडे आत ओढून कल्ल्यांशी नेतो. त्याचे रक्तही वेगळे आहे. हीमोग्लोबिन पेशींत नसून थेट रक्तद्रवात विरघळलेले असते, आणि एकेक रेणू आपल्या हीमोग्लोबिनच्या रेणूच्या पन्नासपटीहून वजनदार असतो. आपल्या रेणूवर ऑक्सिजन बसायला चार जागा, याच्या रेणूवर दीडशेच्या आसपास. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले संशोधक फ्रांक झाल यांनी याच गुणावर हेमारिना ही कंपनी काढली, आणि प्रत्यारोपणासाठी काढलेले अवयव टिकवायला हा रेणू वापरण्याचे तंत्र विकसित केले.

आता किडे नसतील तर काय, हा कळीचा मुद्दा. यावर अंदाज बांधत बसायची गरज नाही, प्रयोग झालेला आहे. जर्मनीच्या झ्युल्ट बेटाजवळच्या वाळूवर फोल्केनबोर्न, राइझे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० मीटर गुणिले २० मीटरचे चौकोन आखले. काही चौकोनांत १० सेंटीमीटर खोलीवर बारीक छिद्रांची जाळी पुरली, म्हणजे मोठ्या लगवर्माला बीळच करता येऊ नये. काही चौकोन तसेच खणून जाळीशिवाय परत भरले, म्हणजे खणण्याचा परिणाम वेगळा काढता यावा. काही अजिबात न छेडता ठेवले. मग पुढची काही वर्षे मोजमापे घेतली.

जाळीच्या चौकोनांत वाळूच्या फटी बारीक गाळाने आणि सेंद्रिय मालाने बुजत गेल्या. वाळूची पारगम्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता, घटली. कणांमधल्या पाण्यात सल्फाइड, अमोनियम, फॉस्फेट साठू लागले. नीरिस कुळातले किडे आणि नळ्या बांधणारे लहान पॉलिकीट यांना ही जागा मानवली आणि ते वाढले. परिणाम सगळीकडे सारखा नव्हता: मुळात गाळ जास्त असलेल्या जागी तो ठळक, लाटांनी धुतल्या जाणाऱ्या स्वच्छ वाळूत सौम्य. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. उघड्या किनाऱ्यावर लाटा आणि प्रवाह स्वतःच वाळू धुतात, तिथे किडा असला-नसला तरी फरक थोडा. आडोशाच्या, वाळू आणि चिखल यांच्या सीमेवरच्या पट्ट्यात मात्र वाळूचे मैदान वाळूचेच राहील की चिखलाचे होईल हे बऱ्याच अंशी लगवर्म ठरवतात. तुमचा किनारा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे त्यावर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

उलथापालथीचे प्रमाणही सांगायला हवे. १८९१ मध्ये चार्ल्स डेव्हिसन यांनी इंग्लंडच्या ईशान्येला होली आयलंडजवळच्या वाळूवर वेटोळी गोळा करून हिशेब मांडला, तो वर्षाला एकरी सुमारे १९०० टन वाळू असा आला. डार्विनने गांडुळांसाठी काढलेले आकडे एकरी सात ते अठरा टनांच्या दरम्यान होते. डेव्हिसन यांनी थोड्या नोंदींवरून वर्षाचा आकडा काढला होता, त्यामुळे तो मी जरा सावधपणे घेतो. त्याहून भक्कम काम कादे यांचे, १९७६ चे. डच वाडेन समुद्रातल्या उघड्या पडणाऱ्या सगळ्या मैदानांची सरासरी धरली तर लगवर्म वर्षाला ६ ते ७ सेंटीमीटर जाडीचा थर उलथतात, आणि दाट वस्तीच्या जागी याच्या कितीतरी पट.

एवढी वाळू वर येत असेल तर शेजाऱ्यांचे काय होणार हे उघड आहे. कोरोफियम हा चिमुकला कवचधारी पृष्ठभागाजवळ उथळ बिळे करतो. वेटोळ्यांखाली ती बुजतात, आणि लगवर्म दाट असतील तिथून तो काढता पाय घेतो. सागरी गवताचे बी आणि कोवळी रोपे गाडली जातात. उलट झोस्टेरा गवताची मुळांची जाळी एकदा घट्ट बसली की लगवर्माला बीळ करणे अवघड होते. त्यामुळे अनेक ठिकाणी गवताचे पट्टे आणि लगवर्मांची मैदाने यांच्यात स्पष्ट सीमा दिसते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. सागरी गवताची पुनर्लागवड करणाऱ्यांनी लगवर्मांची घनता आधी पाहावी, असा माझा आग्रह असतो. नुसती रोपे लावून उपयोग होत नाही.

खाणारेही पुष्कळ. कर्ल्यू, गॉडविट आणि ऑयस्टरकॅचर हे पक्षी चोच खोलवर खुपसून किडा ओढतात. प्लेस आणि फ्लाउंडर हे चपटे मासे भरतीला दबा धरून बसतात आणि विष्ठा टाकायला वर आलेल्या शेपटीचे टोक तोडून नेतात. किडा मरत नाही. उरलेल्या शेपटीची वलये लांब वाढवून तो भरपाई करतो. दे व्लास यांनी १९७९ मध्ये दाखवले की ही तोडलेली आणि पुन्हा वाढलेली शेपटी हे माशांच्या अन्नात हिशेबात घ्यावे इतके मोठे उत्पादन आहे. किडे मोजताना आखूड शेपटीचे बरेच सापडले तर तिथे चपट्या माशांची वर्दळ आहे असे समजायला हरकत नाही.

प्रजोत्पादन शरद ऋतूत, आणि एका ठिकाणचे बहुतेक किडे ठरावीक काही दिवसांत उरकतात. एरवी बिळाबाहेर न येणाऱ्या, एकमेकांना न भेटणाऱ्या प्राण्याला दुसरा इलाजही नाही. नर आपले शुक्राणू ओहोटीला वाळूवर सोडतो. बिळाच्या तोंडाशी पांढरट, दुधाळ डबकी दिसतात. भरतीचे पाणी ती पसरवते, आणि माद्या आपल्या नेहमीच्या पंपाने ते पाणी बिळात ओढून घेतात. अंडी बिळातच फलित होतात. नरात शुक्राणू परिपक्व करणारा घटक कोणता, हे पेसी आणि बेंटली यांनी १९९२ मध्ये शोधून काढले: ८,११,१४-आयकोसाट्रायनोइक आम्ल, म्हणजे एक मेदाम्ल. मेदाम्ल हे अशा प्रकारे संप्रेरकाचे काम करते हे त्या वेळी अनपेक्षित होते. म्हणजे श्वासाला लागणारा, किनारा धुणारा तोच पंप इथे पुढची पिढीही घडवतो.

पिल्लांचा प्रवास लांबचा आहे आणि किनाऱ्याची काळजी घेणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा. अळ्या काही आठवडे आईच्या बिळात वाढतात, मग बाहेर पडून ओहोटीरेषेखालच्या भागात, शेवाळ, शिंपले यांच्या आधाराने, स्रावाच्या नळीत हिवाळा काढतात. न्यूएल यांनी १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटस्टेबलच्या किनाऱ्यावरून ही अवस्था वर्णन केली आहे. वसंतात त्या पाण्याबरोबर वाहत किनाऱ्याच्या वरच्या भागात, भरतीरेषेजवळ उतरतात. तिथे मोठे किडे कमी असतात, म्हणून वाळू सारखी उलथली जात नाही. पुढच्या हिवाळ्यात, थोडे मोठे झाल्यावर, ते पुन्हा पाण्यात उतरून खालच्या मैदानांकडे सरकतात. त्यामुळे वरचा तो अरुंद, नजरेत न भरणारा पट्टा म्हणजे संपूर्ण किनाऱ्याची पाळणाघराची जागा आहे. भिंत, भराव, वाहनांची वर्दळ यांचा पहिला घाव नेमका तिथेच बसतो. खालची दाट वस्ती पुढची काही वर्षे ठीक दिसत राहते, कारण हे किडे पाच-सहा वर्षे जगतात, आणि बिघाड उशिरा कळतो.

खणण्याबद्दल. एकट्यादुकट्या माणसाने काट्याने खणून थोडे किडे नेले तर लगवर्मांची संख्या सहसा भरून येते, कारण बाजूचे किडे आणि वरून येणारी पिल्ले जागा घेतात. नुकसान होते ते न बुजवलेल्या खड्ड्यांनी. आडोशाच्या जागी खड्डे आठवडेच्या आठवडे राहतात, त्यांत चिखल साठतो, काढलेल्या ढिगाखाली कॉकल शिंपले गाडले जातात. खड्डा लगेच परत भरणे ही छोटी शिस्त खूप काही वाचवते. यंत्राने खणणे हे वेगळे प्रकरण. डच वाडेन समुद्रात सुमारे एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात चार वर्षे यंत्राने किडे काढले गेले, आणि बोइकेमा यांनी त्याचा मागोवा घेऊन १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. लगवर्म निम्म्यावर आले, पण मोठा फटका बसला तो मऊ कवचाच्या माया शिंपल्यांना. ते जवळजवळ संपले, आणि तळजीवांचे एकूण वजन सावरायला काही वर्षे गेली. गळाचा किडा म्हणून फक्त लगवर्म मोजत राहिलात तर हे नुकसान दिसणारच नाही.

शेवटी, तुमच्या किनाऱ्यावर हे मोजायचे असेल तर. वेटोळी मोजणे सोपे आहे, पण वेटोळे म्हणजे किडा असे सरळ गणित नाही. पाऊस आणि वारा वेटोळी पुसतात, थंडीत किडे कमी खातात, आणि प्रजोत्पादनाच्या काळात खाणे बंदच असते. म्हणून उन्हाळ्यात, वाळू उघडी पडून दोन-तीन तास झाल्यावर, कोरड्या आणि शांत हवेच्या दिवशी मोजा. उधाणाची ओहोटी असेल तर खालचा पट्टाही हाती लागतो. पाव चौरस मीटरची चौकट भरतीरेषेपासून खालपर्यंत एका सरळ ओळीत ठरावीक अंतरावर टाका, आणि वरच्या भागातली काडीएवढी बारीक वेटोळी वेगळी नोंदवा, ती पिल्लांची असतात. काही चौकटी मोजल्यानंतर ३० ते ४० सेंटीमीटरपर्यंत खणून, एक मिलिमीटरच्या चाळणीने चाळून, वेटोळ्यांमागे किडे किती पडतात ते काढा आणि बाकीच्या चौकटींना तेच प्रमाण लावा. ब्रिटनच्या किनाऱ्यावर असाल तर अगदी खालच्या पट्ट्यात सुबक, एकात एक बसलेली वेटोळी दिसतील आणि शेजारी खळगा नसेल. ती ॲरेनिकोला डेफोडिएन्स, जी १९९३ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदली गेली. तिचे बीळ जास्त खोल असते. दोन्ही एकत्र मोजू नका. आणि प्रत्येक चौकटीशेजारी काळा थर किती सेंटीमीटरवर सुरू होतो तेही लिहा. पाच वर्षांनी वेटोळ्यांच्या आकड्याइतकाच तो आकडा कामाला येईल.